चौदा पानांवरची मुंगी

फोन आला तेव्हा मी बदकाच्या पायांशी भांडत होते. बदकाचे पाय दिसायला सोपे असतात. काढायला बसलं की कळतं, की ह्या प्राण्याने पाय कुठून आणलेत हे त्याचं त्यालाच माहीत नाही. चार कागद चुरगाळून झाले होते आणि पाचव्याची पाळी आली होती.

फोन धाकटीचा होता. धाकटी म्हणजे आमच्या प्रकाशकांची धाकटी मुलगी. वडील गेल्यावर तिने कारभार हातात घेतला आणि सगळ्यात आधी माझं ‘उंटाची उचकी’ पुन्हा काढायचं ठरवलं. दुप्पट आकारात, नव्या कागदावर, थेट मूळ चित्रांवरून. आठवड्यापूर्वीच मी माळ्यावरून त्या चित्रांचं बाड काढून, धूळ झटकून तिच्याकडे पाठवलं होतं.

“मावशी, चित्रं मिळाली,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं झाली, पण रंग अजून काय ताजे आहेत! फक्त मुंगी कुठाय?”

“कुठली मुंगी?”

“कुठली काय, आपली मुंगी! चौदाच्या चौदा चित्रं बघितली. एकातही नाही. वेगळ्या कागदावर काढली होतीत का?”

“बघून सांगते,” म्हणून मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. बघायचं काय होतं? माझ्या चित्रांत मुंगी कधी नव्हतीच. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण खोटं एकदा अंगवळणी पडलं की माणूस त्यावर उशी घेऊन निजतो, तशी मी निवांत निजले होते. नाहीतर बाड पाठवताना माझा हात थांबला नसता का?

पुस्तक तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. उंटाला उचकी लागते आणि सगळे प्राणी उपाय सांगायला येतात, एवढीच गोष्ट.

उंटाला लागली उचकी फार,
उचकीसरशी उड्या चार.
गाय म्हणाली, ‘पाणी पी,’
घार म्हणाली, ‘आले मी!’
माकड म्हणालं, ‘नाक धर,’
मेंढी म्हणाली, ‘मान कर वर.’

असं करत करत तेराव्या पानावर उंट रडकुंडीला येतो आणि विचारतो, ‘कोण काढतंय माझी सय? कोणाला माझी एवढी सवय?’ चौदाव्या पानावर उचकी थांबते. का थांबते? तर मला पुढे काही सुचलं नव्हतं, म्हणून. महिनाभर डोकं खाजवून शेवटी ‘बघता बघता उचकी थांबली, उंटाची सावली लांब लांबली’ असं लिहून मी हात झटकले. यमक जुळलं की अर्थाची चौकशी कोण करतो, असा त्या वयात माझा समज होता.

पण छापलेल्या पुस्तकात प्रत्येक पानावर एक मुंगी आहे. पहिल्या पानावर ती पार कोपऱ्यात असते, मग पानागणिक थोडी थोडी पुढे सरकते आणि चौदाव्या पानावर उंटाच्या कानाशी पोचते. कवितेत तिचं नावही नाही. ती पोरांनी शोधली आणि माझ्या लंगड्या गोष्टीचा शेवटही पोरांनीच लावून टाकला. मुंगीला उंटाची आठवण येत होती म्हणून उचकी लागली. मुंगी पोचली, उचकी थांबली. हे मला पत्रांतून कळलं. एकाने विचारलं होतं, ‘मुंगीने आधीच हाक का नाही मारली?’ एकीने लिहिलं होतं, ‘मुंगी फार हळू चालते, तिला गाडी द्या.’

त्या मुंगीने मला उभं केलं. मला लोक मुंगीवाल्या बाई म्हणू लागले. पुढची तीस पुस्तकं, मानपत्रं, शाळाशाळांतली आमंत्रणं, सगळं तिच्या पाठोपाठ आलं. “मुंगीची कल्पना तुम्हाला कशी सुचली?” असं कोणी विचारलं की मी जरा खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, “मुंगी सुचत नाही हो, मुंगी येते.” टाळ्या पडायच्या. हत्ती होऊन ओंडके फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. मी हत्तीएवढी होऊन मुंगीची साखर खाल्ली.

आता मूळ दिवसाची गोष्ट. पुस्तकाच्या पहिल्या प्रती घरी आल्या, मी एक उघडली आणि माझं टाळकं सटकलं. प्रत्येक पानावर कोणीतरी मुंगी सोडली होती. माझ्या चित्रात! मला न विचारता! राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पायात चपला सरकवल्या आणि तडक प्रेसमध्ये गेले, मुंगी सोडणाऱ्याची नोकरी घालवायचीच असं ठरवून.

तेव्हा रंगीत चित्र छापायचं तर त्याच्या चार फिल्म निघायच्या, एकेका रंगाची एकेक. प्रेसच्या आतल्या खोलीत खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल होतं. तिथे एक माणूस दिवसभर वाकून त्या फिल्म तपासायचा. फिल्म निगेटिव्ह असायची, खरवडली तिथे शाई उमटायची; म्हणून कुठे नको ते टिंब असेल तर तो झाकायचा, कुठे रेघ राहिली असेल तर ब्लेडने आणि सुईने खरवडून काढायचा. गळ्यात दोरीला भिंग, म्हणून सगळे त्याला भिंगवाले म्हणायचे. काळ्या रंगाच्या फिल्मला त्या माणसाशिवाय कोणाचा हात लागत नव्हता, त्यामुळे चोर शोधायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही.

मी ऑफिसात शिरले तर तिथे प्रेसचे मालक आणि आमचे प्रकाशक समोरासमोर बसलेले. मी तोंड उघडण्याआधीच प्रकाशक उठून उभे राहिले. “बाई, ही मुंगी! काय सुचलंय तुम्हाला! काल माझ्या धाकटीने पुस्तक खाली ठेवलं नाही. शेवटच्या पानावर तर ती रडायलाच लागली. म्हणे, पोचली एकदाची!”

मालक मात्र माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत होते. “मला चित्रांत मुंगी बघितल्याचं आठवत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी भिंगवाल्यांना हाक मारली. ते दारात येऊन उभे राहिले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, सडपातळ माणूस. “बाईंच्या चित्रांत मुंगी होती का हो?” मालकांनी विचारलं. भिंगवाल्यांनी गळ्यातलं भिंग मुठीत धरलं. ओठ घट्ट मिटून उभे होते.

त्या क्षणात मी काय काय विचार केला ते आजही मला नीट आठवतं. प्रकाशक अजून उभे होते, कौतुकाने माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी खुर्चीतून उठलं होतं. मी म्हटलं, “मीच सांगितलं होतं ह्यांना. मुंगी फिल्मवरच घाला म्हणून.”

भिंगवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि आत निघून गेले. मी समजले, माणूस मनातून धुमसतोय, चोरी पकडली गेली आहे. पुन्हा त्या आतल्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी स्वतः होते, आणि बिळाचा धनी समोर येईल ह्या धास्तीने सव्वीस वर्षं रस्ता बदलून चालत होते.

तर आता मुंगी हवी होती. त्या फिल्म केव्हाच मोडीत गेल्या होत्या. जुन्या पुस्तकावरून उचलावी म्हटलं, तर एवढी मोठी केली की तिचे नुसते छपाईचे ठिपके दिसत. मग मी स्वतःच काढायला बसले. तीस पुस्तकं काढलेली बाई मी, मुंगी ती काय! पहिली मुंगी पाठ्यपुस्तकातली आली, अवयवांची नावं दाखवणारे बाण तेवढे नव्हते. दुसरी फार गोड झाली. तिसरी जुन्या मुंगीवर कागद ठेवून गिरवली, तर ती मेलेली दिसायला लागली. नवऱ्याने मागून डोकावून बघितलं आणि म्हणाला, “ही कामावर निघालेली वाटते. त्या जुन्या मुंगीला कुणाकडे तरी जायचं असायचं.” चहाचा कप त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं, कारण त्याचं बरोबर होतं.

महिनाअखेरीला पुस्तक छपाईला जायचं होतं. तीन दिवस मुंग्या मारण्यात गेल्यावर मी धाकटीला फोन केला आणि डोळे मिटून सांगून टाकलं, “मुंगी मी काढलेली नाही.” लहानपणी शेवटच्या पानावर रडलेली ती हीच मुलगी होती. मग तिने एवढंच विचारलं, “ज्यांनी काढली ते आहेत का?” दुसऱ्या दिवशी प्रेसच्या एका जुन्या बाइंडरकडून तिने पत्ता मिळवून दिला. वर काही बोलली नाही. तिचे मी तेव्हाच मनातल्या मनात शंभर वेळा आभार मानले.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिन्यात मी दोनदा थांबले. दम लागला होता हे खरं, पण परत फिरायचा विचारही होता. दार एका पंचविशीतल्या मुलीने उघडलं. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग आत वळून ओरडली, “बाबा! तुमच्या मुंगीवाल्या बाई आल्यात!”

ती त्यांची सून होती. तिने मला हाताला धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं. समोरच्या फळीवर माझी पुस्तकं होती. दोन-चार नव्हेत, सगळी. ज्या पुस्तकाची प्रत माझ्याकडेही उरलेली नाही तेसुद्धा होतं.

भिंगवाले आतून आले. केस पांढरे झाले होते, पाठ काचेच्या टेबलाच्या सवयीने तशीच थोडी वाकलेली. त्यांनी मला हात जोडले. मी अवघडून अर्धी उठले.

“बसा, बसा,” ते म्हणाले. “मला वाटलं नव्हतं, तुम्ही कधी ह्या घरात याल.” मग सुनेकडे वळून, “तुला सांगत असतो ना, ह्याच त्या.”

“काकू, तुमची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे,” सून म्हणाली.

आणि मग त्यांनी ती गोष्ट मलाच सांगितली. त्या महिन्यात त्यांच्या हातून दोन फिल्म खराब झाल्या होत्या. मालक म्हणाले होते, तिसरी गेली तर उद्यापासून येऊ नका. घरात दोन लहान मुली, बायकोला दिवस गेलेले. आणि माझ्या उंटाच्या पहिल्या पानावर ब्लेड निसटलं. काळ्या फिल्मवर ओरखडा, म्हणजे छापल्यावर तिथे काळा डाग. झाकायला जावं तर खालचं गवत जातं.

“अर्धा तास त्या डागाकडे बघत बसलो,” ते म्हणाले. “मग सुई घेतली आणि त्याला सहा पाय काढले. पण एका पानावर एकच मुंगी, लगेच कळलं असतं. एक मुंगी म्हणजे चूक, बाई. चौदा मुंग्या म्हणजे कुणीतरी विचार केलाय. म्हणून उरलेल्या तेरा पानांवर मीच मुद्दाम ओरखडे पाडले.”

“आणि ती पुढे पुढे सरकते ती?”

“ती कुठे बसवायची? माझा हात उंटाकडेच जात होता. तुमचा उंट फार एकटा वाटायचा मला.”

सव्वीस वर्षांत माझ्या उंटाबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं.

“त्या दिवशी तुम्ही रस्ता ओलांडून येताना मला खिडकीतून दिसलात,” ते पुढे म्हणाले. “तुमची चाल बघूनच म्हटलं, संपलं. आणि तुम्ही मालकांच्या तोंडावर सांगितलंत, मीच सांगितलं होतं म्हणून. ओळख ना देख, आणि एका माणसासाठी तुम्ही खोटं बोललात. मी आत जाऊन टेबलाखालचा दिवा बंद केला आणि रडलो.”

सुनेने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मी तो एका दमात संपवला. सांगायचं ते तिथेच सांगायला हवं होतं. पण तिघांच्या त्या खोलीत माझ्याबद्दल इतकी माया भरलेली होती, की मी तिच्या आड लपले. नव्या पुस्तकासाठी मुंग्या हव्यात एवढंच म्हटलं. ते हसले. “करू की!”

पुढचे चार दिवस मी रोज तिथे जात होते. धाकटीने चित्रांच्या मोठ्या छापांवर ठेवायला पारदर्शक कागद दिले होते. भिंगवाल्यांनी माझ्यासमोर शाईची दौत सरकवली. “डाग तुम्ही पाडा. मला ठरवून मुंगी येत नाही. आधी चूक व्हायला पाहिजे.”

आणि मला उमगलं, माझ्या मुंग्या का मरत होत्या. मी मुंगी काढत होते. ते डागाला वाचवत होते.

मी डोळे मिटून काडीने शाई टाकायची आणि ते भिंग डोळ्याला लावून डागाकडे बघत बसायचे. “हा मोठा पडला, ह्याचा डोंगळा होईल. पुसा.” “हा बरा आहे, जरा घाईत आहे.” मग टाकाने दोन रेघा, तीन रेघा, आणि डाग चालायला लागायचा. हात थरथरायचा त्यांचा, पण टाक कागदाला लागला की थांबायचा. मी आयुष्यभर एकटीने काम केलं आहे. दार लावून, कोणी डोकावलं तर खेकसून. त्या चार दिवसांत मला इतकं हलकं वाटत होतं, की घरी जाताना मी जिन्यात गुणगुणायचे. नवरा म्हणाला, “तब्येत बरी आहे ना?”

चौथ्या दिवशी चौदावी मुंगी उंटाच्या कानाशी पोचली. धाकटीचा फोन आधीच येऊन गेला होता. पहिल्या पानावर कोणाची नावं जाणार, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

“मुंग्यांसाठी तुमचं नाव घालायचंय,” मी म्हटलं.

भिंगवाले एकदम मागे सरले. “छे छे! बाई, भलतंच काय! तुमचे माझ्यावर उपकार आहेत. ते थोडे फेडायला मिळाले हेच पुष्कळ. वर नाव लावू? कुठल्या तोंडाने?”

“अहो, पण मुंग्या तुमच्या आहेत.”

“त्या तुमच्या आहेत. तुम्ही त्या दिवशी म्हणालात, तेव्हाच झाल्या.”

सून कौतुकाने आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, झालं की. मी विचारलं, ते नाही म्हणाले. आता घरी जावं, धाकटीला सांगावं, ते ऐकतच नाहीत. पुस्तक पुन्हा माझ्या एकटीच्या नावावर, आणि ह्या वेळी धन्याच्या आशीर्वादाने. मी पर्स उचललीसुद्धा. पण खाई त्याला खवखवे. दारापर्यंत गेले आणि पाय पुढे जाईनात. ह्या माणसाने माझ्या उंटाला सोबत दिली होती आणि मी त्याला सव्वीस वर्षं माझंच ओझं वाहायला लावलं होतं.

मी परत येऊन बसले. “त्या दिवशी मी तुम्हाला वाचवायला आले नव्हते,” मी म्हटलं. “तुम्हाला काढून टाका हे सांगायला आले होते. प्रकाशकांनी मुंगीचं कौतुक केलं आणि मला हाव सुटली. खोटं बोलले ते त्या कौतुकासाठी. तुमची नोकरी माझ्या मनातही नव्हती. तुम्ही दारात उभे होतात, तर मला तुमची भीती वाटली, तुम्ही खरं सांगाल म्हणून. एवढंच होतं.”

सुनेने मान खाली घातली. भिंगवाल्यांनी गळ्यातलं भिंग काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, पुन्हा पुसलं. मी वाट बघत होते, ते मला चालतं व्हायला सांगतील आणि मी मुकाट्याने जाईन.

“माझ्या दोन्ही मुली त्या नोकरीवर शिकल्या,” ते म्हणाले. आवाज कोरडा होता. “मुलगा त्या नोकरीवर वाढला. तुमच्या मनात काय होतं त्याचं मी आता काय करू? नोकरी वाचली ती वाचली. तेवढ्याचे आभार आहेत आणि ते राहतील.”

मी मान हलवली. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला माझ्याजवळ मुंगीएवढीही जागा उरली नव्हती.

“पण मग,” ते म्हणाले, आणि भिंग खाली ठेवून पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, “मुंग्या माझ्या आहेत.”

“तुमच्याच आहेत.”

“तर नाव घाला. उपकार होते तोवर मागता येत नव्हतं. आता मागतो. आणि आत कुठेतरी बारीक नको, बाहेर. मुखपृष्ठावर. तुमच्याएवढ्याच अक्षरात.”

मी तिथूनच धाकटीला फोन लावला. त्यांचं पूर्ण नाव मला सांगता येईना. सव्वीस वर्षांत ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी फोन त्यांच्या हातात दिला. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि एकेक अक्षर सावकाश, मोठ्याने सांगू लागले.